फोटो काढणारे आणि टेकडी काढणारे

आमच्या तालुक्याच्या गावापासून सात किलोमीटरवर एक टेकडी आहे. गेली सहा वर्षं आम्ही काही जण दर रविवारी पहाटे तिच्यावर चढतो. त्यात शिक्षक आहेत, कृषी केंद्र चालवणारे आहेत, दोन नर्स आहेत, कॉलेजची पोरं-पोरी आहेत. मागच्या दिवाळीनंतर पहिल्यांदा वर गेलो, तर नेहमीची पायवाट अर्ध्या चढावर संपली. पुढं पाय ठेवायला जागाच नव्हती, नुसती हवा होती. टेकडीची उत्तरेकडची कूस जेसीबीनं कापून नेली होती. दोन पुरुष उंचीचा उभा काप, त्यात मुरमाचे पिवळे-तांबडे थर, आणि वरच्या काठावरून एका पळसाची मुळं दोरखंडासारखी खाली लोंबत होती. खाली टिप्परच्या चाकांचे ताजे चरे. आमच्यापैकी दोघा-तिघांनी लगेच मोबाइल काढले. शेजारी चार गाई आणि दहा-बारा बकऱ्या घेऊन एक म्हातारा ढोरकी उभा होता. तो म्हणाला, "सर, तुमी फोटो काढून रायले, अन् ते टेकडी काढून रायले."

त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर, चहाच्या टपरीवर आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये जो वाद झाला, त्याबद्दल हा लेख आहे. एक बाजू म्हणत होती की आपण फिरायला येतो, हे राजकारण आपल्याला नको. दुसरी म्हणत होती की रस्ते व्हायचे तर मुरूम कुठूनतरी येणारच, पडीक टेकडीसाठी एवढा कळवळा कशाला? तिसऱ्या बाजूला जंगलाबद्दल मनापासून आस्था असलेले मित्र होते. त्यांचं म्हणणं, टेकडीला तारेचं कुंपण घाला, ढोरं बंद, बकऱ्या बंद, माणसं बंद. तिन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता धरून चालली होती, की ती टेकडी आपली नाही. सरकारची आहे, कंत्राटदाराची आहे किंवा वन विभागाची आहे. मला वाटतं वाद इथंच फसला. माझं म्हणणं साधं आहे. विदर्भातल्या सार्वजनिक जमिनी वाचवण्याची जबाबदारी त्यांच्यावर चालणाऱ्यांनी अंगावर घेतली पाहिजे. ती संघटितपणे घेतली पाहिजे, आणि गावाच्या ग्रामसभेच्या मागं उभं राहून घेतली पाहिजे. नुसता कचरा उचलून हे होणार नाही, आणि गावाला बाजूला सारून तर मुळीच होणार नाही.

आधी या जमिनी म्हणजे काय ते पाहू, कारण 'पडीक' या एका शब्दानं फार नुकसान केलं आहे. वऱ्हाडात गावाच्या चराईच्या जमिनीला लोक ई-क्लास म्हणतात. इकडे नागपूर विभागात बऱ्याच जमिनींवर 'झुडपी जंगल' अशी नोंद आहे. जुन्या मध्य प्रांताच्या कागदपत्रांतून आलेली ही नोंद १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जमिनीसोबत आपल्याकडे आली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून असं सुमारे ८६ हजार हेक्टर क्षेत्र आहे. ते जंगल की महसुली जमीन, हा घोळ कित्येक दशकं चालला. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या, वन कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या आदेशानुसार झुडपी जंगल हे वनच मानायचं. त्या तारखेआधी ज्या जमिनी घरं, शाळा, स्मशानभूमी, सरकारी कचेऱ्या यांच्याकडे गेल्या, त्या कायदेशीर मार्गानं नियमित करायच्या. निकालावर इकडे बरंच बोललं गेलं. बहुतेक चर्चा एकाच सुरात होती, की आता विकास अडणार. ज्या गावांची ढोरं त्या झुडपांत पिढ्यान्‌पिढ्या चरली, त्यांना कोणी विचारलं का? आणि जे हौसेनं त्या रानात चालतात, त्यांच्यापैकी किती जणांना आपण झुडपी जंगलात चालतो आहोत हे माहीत होतं? आमच्या ग्रुपमध्ये कोणालाच नव्हतं. मलाही नव्हतं. सहा वर्षं ज्या टेकडीवर चढलो, तिचा गट नंबर मी पहिल्यांदा पाहिला तो ती कापली गेल्यावर. ही चूक मी उघड सांगतो, कारण ती माझ्या एकट्याची नाही.

विदर्भाकडे याबाबतीत एक ठेवा आहे, जो फार थोड्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये 'निस्तार पत्रक' आणि 'वाजिब-उल-अर्ज' या दोन गोष्टी आहेत. कलम १६१ पासून पुढं वाचा. गावाला चराई, सरपण, इमारती लाकूड, दगड-माती यांचे कोणते हक्क, कोणत्या जमिनीत, हे निस्तार पत्रकात लिहायचं असतं. वाजिब-उल-अर्जात वहिवाटीचे रस्ते, पाणी, मासेमारी यांच्या रूढी नोंदवायच्या असतात. म्हणजे या वाटेनं गाव चालत आलं आहे, ही गोष्ट आपल्याकडे कागदावर येऊ शकते, कित्येक ठिकाणी आलेली आहे. जगात इतर ठिकाणी वाटेनं चालण्याच्या हक्कासाठी लोकांनी तुरुंग पाहिला. आपल्याकडे त्या हक्काचा कागद तहसीलच्या कपाटात आहे आणि मागायला कोणी जात नाही. पांदण रस्त्यांचं काय झालं ते तर डोळ्यांसमोर आहे. गाव नकाशात ठळक दिसणारी पांदण प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी हळूहळू गिळली, आणि पावसाळ्यात बैलबंडी अडली की मगच तिची आठवण होते.

पण टेकडी वाचवण्याशी चालणाऱ्यांचा संबंध काय? गावकरी आहेत, पटवारी आहे, वनरक्षक आहे, मग शहराकडून पाठीवर सॅक अडकवून येणाऱ्यांनी यात का पडावं? याचं उत्तर मला त्या ढोरक्या काकांनीच दिलं, नकळत. त्यांच्या लहानपणी गावचा कळप दीड-दोनशे ढोरांचा होता, असं ते सांगतात. सकाळी आठला आखरावर ढोरं जमायची, तीन-चार ढोरकी ती टेकडीवर न्यायचे, दिवस मावळताना परतायचे. बाया सरपणाला जायच्या. उन्हाळ्यात मोहफुलं, तेंदूपत्ता, चारोळी. पोरं बोरं खायला आणि गवतात लोळायला. टेकडीवर दिवसभर गावाची नजर असायची, आणि ही नजर हाच तिचा पहारा होता. मग ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले. गॅस आला, सरपण कमी झालं. पोरं शिकायला आणि कामाला बाहेर गेली. यातली एकही गोष्ट वाईट नाही. गॅससाठी त्या बायांनी किती वर्षं धुरात डोळे गाळले ते मी माझ्या आईकडे पाहिलं आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की टेकडीवरची नजर गेली. आता तिथं चार गाई, दहा बकऱ्या आणि एक म्हातारा माणूस जातो. ज्या जमिनीकडे कोणी पाहत नाही ती जमीन जाते, मग कागदावर तिचं नाव काहीही असो. जेसीबी रात्री दीडला येतो, कारण रात्री दीडला तिथं कोणी नसतं. पण तो दुसऱ्या रात्रीही येतो, कारण दिवसाही तिथं कोणी फिरकलेलं नसतं. आज त्या रानात नियमानं, पायी, डोळे उघडे ठेवून जाणारी दुसरी माणसं कोण आहेत? रविवारी चालणारे. गावाची गेलेली नजर आम्ही भरून काढू शकणार नाही, पण तिला जोड देऊ शकतो.

आता विरोधातले मुद्दे. ते हलके नाहीत.

पहिला मुद्दा असा की ट्रेकर हाच रानाला त्रास आहे. खरं आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी चिखलदऱ्याला जाऊन पाहा. गाड्यांची रांग, पॉइंटवर प्लॅस्टिकचे ग्लास, दरीत फेकलेल्या बाटल्या, कर्णा लावलेलं संगीत. गाविलगडासारख्या किल्ल्याच्या दगडांवर लोक नावं कोरून येतात. सह्याद्रीतल्या गडांची गर्दी पाहून आलेले आपलेच लोक तोच नमुना आता इकडे आणू पाहत आहेत. त्यातच विदर्भाची एक वेगळी अडचण आहे, ती म्हणजे वाघ. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात. पोटासाठी जंगलात जाणारा जिथं जीव मुठीत धरून जातो, तिथं हौसेनं जाणाऱ्यानं वाटेचा हक्क सांगावा हे मला अश्लाघ्य वाटतं. म्हणून माझी मागणी ताडोबा-मेळघाटच्या गाभ्यात शिरण्याची नाही. तिथं वाघाचा हक्क आधी, मग आदिवासी गावांचा, आणि आपला सगळ्यात शेवटी. मी बोलतो आहे ते साध्या, बिननावाच्या टेकड्यांबद्दल, झुडपी आणि ई-क्लासबद्दल, गावतळ्यांबद्दल. त्यांच्यासाठी कोणी सफारीचं तिकीट काढत नाही, आणि म्हणूनच त्या सगळ्यात आधी संपतात. राहिला बेशिस्तीचा प्रश्न. बेशिस्त चालणारे आहेत म्हणून चालणाऱ्यांनी गप्प बसायचं, हा निष्कर्ष कसा निघतो? वारीतही घाण होते म्हणून कोणी वारकऱ्याला विठ्ठलाचा संबंध सोडायला सांगत नाही. संघटना उभी राहिली तरच शिस्त लावता येते. एकेकट्यानं येणाऱ्या गर्दीला शिस्त कोण लावणार?

दुसरा मुद्दा याहून जड आहे, आणि आमच्यासारखे पगारदार लोक तो टाळतात. सार्वजनिक जमीन वाचवा ही हाक पुष्कळदा भूमिहीनाच्या विरोधात वापरली गेली आहे. गायरानावर ज्यांनी झोपडी बांधली, दोन एकर कसायला घेतले, ते हौस म्हणून गेले नव्हते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तो याच पडीक आणि गायरान जमिनींसाठी. ज्यांना गावानं शिवारात इंचभर जागा दिली नाही, त्यांनी सरकारी जमीन मागितली, यात गैर काय होतं? म्हणून उद्या आम्ही टेकडी वाचवायला निघालो आणि पहिली तक्रार पायथ्याच्या सहा झोपड्यांवर केली, तर आम्ही हरण्याच्याच लायकीचे ठरू. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपालसिंग निकाल सामायिक जमिनींचा मोठा आधार आहे. पंजाबातल्या एका गावतळ्यावरच्या अतिक्रमणातून तो आला, आणि सर्व राज्यांना अशी अतिक्रमणं काढण्याची योजना करायला त्यानं सांगितलं. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना दिलेल्या पट्ट्यांसाठी आणि शाळा-दवाखान्यासारख्या सोयींसाठी अपवादाची वाट ठेवलेली आहे. तो अपवाद वाचायचा आणि मोठ्यानं सांगायचा, हे आमचं काम आहे. सहा झोपड्यांनी सहा गुंठे घेतले. टिप्परनी डोंगराची कूस नेली, आणि ती परत येणार नाही. झोपडीची जमीन उद्या वाटाघाटीनं सुटू शकते, कापलेला डोंगर कोणत्या वाटाघाटीनं उगवेल? या दोन गोष्टींना अतिक्रमण या एकाच शब्दात कोंबणारा माणूस नेमका कोणाची बाजू घेतो, हे ओळखायला शिकलं पाहिजे.

तिसरा मुद्दा, राजकारण नको. हा सगळ्यात सभ्य दिसणारा आणि माझ्या मते सगळ्यात कच्चा मुद्दा आहे. इंग्लंडमधली गोष्ट सांगतो. मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या माणसांना रविवारी चालायला जवळच डोंगर होते, पण ते सरदारांच्या शिकारीसाठी राखलेले. २४ एप्रिल १९३२ ला काहीशे तरुण कामगार किंडर स्काउट नावाच्या पठारावर मुद्दाम, बंदी मोडून चढले. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. महत्त्वाचं हे की त्या वेळच्या प्रतिष्ठित पदभ्रमण संघटना त्यांच्या विरोधात होत्या. अशानं बोलणी बिघडतील, आपलं नाव खराब होईल, हेच त्यांचं म्हणणं होतं. आमच्या ग्रुपवर लिहिलं गेलं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. १९४९ मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यानांचा आणि रानात प्रवेशाचा कायदा झाला, आणि १९५१ मध्ये तोच डोंगराळ प्रदेश तिथलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. आज त्या तुरुंगात गेलेल्या पोरांची आठवण तिथं अभिमानानं काढतात.

आणि इंग्लंडपर्यंत तरी का जायचं? त्याच्या दोन वर्षं आधी, १० जुलै १९३० ला, यवतमाळचे वकील लोकनायक बापूजी अणे पुसदला राखीव जंगलात गेले आणि त्यांनी गवत कापलं. त्यासाठी त्यांना अटक झाली. मिठाला समुद्र लागतो, वऱ्हाडाला समुद्र नाही. पण वऱ्हाडाच्या शेतकऱ्याचं मीठ म्हणजे गवत होतं, सरपण होतं, आणि इंग्रजांच्या जंगल कायद्यानं नेमकं तेच अडवलं होतं. मला त्यातली एक गोष्ट नेहमी विचार करायला लावते. अणे यांच्या घरी गवतावाचून काही अडलं नव्हतं. वकिली करणाऱ्या, शहरात राहणाऱ्या माणसानं विळा हातात घेतला तो शेतकऱ्याच्या गवतासाठी. जंगल सत्याग्रह विदर्भात गावोगावी पसरला, कारण शहरातल्या माणसानं गावाची गरज आपली मानली. आम्ही रविवारी ज्या रानात मोकळं व्हायला जातो, ते रान मोकळं राहिलं ते अशा माणसांमुळं. ते राजकारण होतं का? होतंच. मग त्याच रानात उभं राहून राजकारण नको म्हणणं हे कुठल्या तोंडानं?

आता कुंपणवाल्या मित्रांकडे वळतो. त्यांच्याशी माझं भांडण सगळ्यात जिव्हाळ्याचं आहे, कारण त्यांचं प्रेम खरं आहे. ते म्हणतात, बकऱ्यांनी रोपं संपवली, कुऱ्हाडीनं झाडं संपवली, हे गावकरी कसले राखणार? यात तथ्य आहे. आमच्या टेकडीवर हाताएवढ्या जाडीची सागाची खोडं तोडलेली मी मोजली आहेत. पण माणसांना बाहेर काढून रान राखण्याचा प्रयोग जगानं करून पाहिला आहे. १८७२ मध्ये अमेरिकेत यलोस्टोन झालं, जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तिथं शतकानुशतकं राहणाऱ्या मूळनिवासी जमातींना हटवलं गेलं आणि मग ते रान 'अस्पर्श' म्हणून जगाला दाखवलं गेलं. मेळघाटातून उठवलेल्या कोरकू गावांच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा इतिहास परका वाटणार नाही. उलट गावाच्या हाती हक्क आल्यावर काय होतं, याची उदाहरणं आपल्याच विदर्भात आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला, आणि 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेला कागदाचं बळ आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं बांबूवर आपलं अर्थकारण उभं केलं आणि तेंदूपत्त्याची तोड स्वतःहून थांबवली, कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात, वणवे लावले जातात. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरनं उजाड रानाचं जंगल केलं, तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारापर्यंत नेली, २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला. अकोला-वाशीमकडे फासेपारधी समाजाच्या लोकांनी तणमोर या दुर्मीळ पक्ष्याची गवताळ रानं राखली. शिकारी म्हणून ज्यांच्यावर शिक्का होता, त्यांनीच. यातल्या कोणत्या ठिकाणी कुंपणानं काम केलं? माणसांनीच राखलं. बकरीचा प्रश्न ग्रामसभेत सुटतो. कोणती बाजू कोणत्या वर्षी बंद ठेवायची हे ढोरक्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं, फक्त त्याला बसवून विचारलं पाहिजे.

बकरीवाला आणि ट्रेकर एकत्र येतीलच कसे, असं मला एका मित्रानं विचारलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेत सिनेटपुढं एक प्रस्ताव आला, पश्चिमेकडच्या राज्यांतली २० ते ३० लाख एकर सार्वजनिक जमीन विकायचा. त्याविरुद्ध शिकारी, गळ टाकून मासे धरणारे आणि डोंगर चालणारे एका बाजूला उभे राहिले. एरवी यांचं एकमेकांशी पटत नाही. एकाला बंदूक प्रिय, दुसऱ्याला तिचा तिटकारा. पण जमीनच गेली तर भांडायला जागाही उरणार नाही, हे दोघांना कळलं. महिना संपायच्या आत प्रस्ताव मागं घ्यावा लागला. आमचं आणि ढोरक्या काकांचं सगळं जुळावं अशी अट कशाला? टेकडी राहिली पाहिजे, एवढं जुळलं तरी पुष्कळ आहे.

रस्त्याला मुरूम लागतो हे मी नाकारत नाही. मीही त्याच रस्त्यानं शाळेत जातो. मुरूम हे गौण खनिज आहे, ते काढायला परवाना लागतो, स्वामित्वधन भरावं लागतं, किती ब्रास आणि कोणत्या गटातून हे ठरलेलं असतं. परवान्याविना काढलं तर महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे दंड आहे. मग विकासाला विरोध कोण करतो, नियमानं खोदा म्हणणारा की रात्री खोदणारा? शेततळ्याच्या, गाळाच्या कामातून निघणारा मुरूम वापरता येतो, मंजूर खाणी आहेत. ते महाग पडतं म्हणून टेकडी स्वस्त पडते. टेकडी स्वस्त का पडते? कारण तिच्यावर पडणारं पाणी, खालच्या विहिरींना लागणारा झिरपा, ढोरांचा चारा, कशाचीच किंमत कोणी लावत नाही. आमच्या टेकडीच्या पायथ्याच्या दोन विहिरी यंदा फेब्रुवारीतच तळाला गेल्या. कापलेल्या कुशीचाच तो परिणाम, असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण शेतकरी म्हणतात, आणि त्यांचा त्या विहिरीशी चाळीस वर्षांचा संबंध आहे.

ट्रेकिंग ग्रुपांचं आवडतं काम म्हणजे स्वच्छता मोहीम. ते काम मी कमी लेखत नाही. चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याच्या परकोटाची सफाई इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून शेकडो दिवस चालवली, झुडपं काढली, बुरूज मोकळे केले, आणि पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये तिचा उल्लेख झाला. पण त्याच चंद्रपुरात त्याआधी, २००९ मध्ये, ताडोबाजवळच्या लोहारा कोळसा खाणीविरोधात उपोषण झालं होतं, शहर मागं उभं राहिलं होतं आणि तेव्हा ती खाण थांबली होती. झाडू आणि प्रश्न, दोन्ही एकाच मातीतले. आपल्या विदर्भाला हे सांगायची गरज पडू नये. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे, पण तेवढ्यावर थांबायचे नाहीत. रात्री कीर्तनाला उभे राहून समोरच्यांना प्रश्न विचारायचे, नुसते प्रश्न, उत्तर लोकांच्या तोंडून काढायचे. आम्ही ट्रेकरांनी त्यांचा झाडू घेतला आणि कीर्तन सोडून दिलं. बाटल्या गोणीत भरताना शेजारी डोंगर कापला जात असेल आणि आम्ही गोणीसोबत हसरा फोटो काढून परतत असू, तर त्या झाडण्याला बाबांचं नाव कोणत्या तोंडानं घ्यायचं?

आमच्याकडे काय झालं ते सांगतो, कारण ते फार मोठं नाही आणि म्हणूनच कोणालाही जमण्यासारखं आहे. ग्रुपमधल्या चौतीस जणांपैकी अकरा जण यायला तयार झाले. आधी महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा काढला. भोगवटादाराच्या जागी महाराष्ट्र शासन, इतर अधिकारात झुडपी जंगल. मग गाव नकाशाची नक्कल आणि निस्तार पत्रकाची प्रत मागितली. संबंधित कार्यालयानं तीन चकरा मारायला लावल्या, चौथ्यांदा माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला तेव्हा कपाट उघडलं. नकाशा घेऊन ढोरक्या काकांकडे गेलो. त्यांना वाचता येत नाही. पण नकाशा जमिनीवर पसरून टेकडीची बाजू दाखवली तेव्हा त्यांनी काठीच्या टोकानं एक तुटक रेघ शोधून काढली आणि म्हणाले, "हे पाय, हे आमची ढोरवाट." कापलेली पायवाट तीच होती. छापील नकाशात होती. तारीख-वेळेसह फोटो, गट नंबर, वाट दाखवणारी नक्कल, आणि खाली गावातल्या सत्तावीस जणांच्या सह्या-अंगठे, असा अर्ज दिला. आमच्या अकरा सह्या शेवटी, त्यांच्या खाली. पंचनामा झाला. टिप्पर सध्या येत नाहीत. दंडाचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. आम्ही विचारत राहणार आहोत.

बरंच काम पुढं आहे. ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे झालेली आहे, पण तिच्यात आमच्या टेकडीबद्दल चार ओळी आहेत. आमच्यातली वनस्पतिशास्त्राची पोरगी आणि गावातल्या दोन आज्या मिळून ती आता नव्यानं भरताहेत. आजींना ज्या रानभाज्यांची नावं येतात ती पोरीच्या पुस्तकात नाहीत, आणि पोरीला जी शास्त्रीय नावं येतात ती लिहिली की सरकारी कागद वजनदार होतो. सामूहिक वनहक्काचा दावा करता येईल का, हे गाव ठरवेल. आम्ही नकाशे काढून देऊ, अर्ज लिहून देऊ, मोजणीच्या दिवशी सोबत चालू. ग्रामसभेत मत गावाचं. आम्हाला बोलावलं तर मागं बसू, विचारलं तर बोलू.

तुमच्या तालुक्यात अशी टेकडी असेलच. येत्या रविवारी चढण्याआधी तिचा गट नंबर काढा, वर जो कोणी ढोरं घेऊन भेटेल त्याला वाटेचं नाव विचारा. टेकडीखालच्या गावची पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. कापाच्या काठावरून नवी वाट कुठून काढायची आणि लोंबत्या मुळांच्या त्या पळसाला खालून दगडांचा आधार कसा द्यायचा, हे दोन विषय काकांनी स्वतः सरपंचांना सांगून यादीत घालून घेतले आहेत. पळस अजून जिवंत आहे.